त्याला कुणी हाक मारली नाही

मी सांगितलेलं भाडं त्याने एका शब्दात कबूल केलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस आपल्याला जड जाणार.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गपासून अर्ध्या तासावर एका गावात माझं गोडाऊन आहे. इथले कारखाने नवी यंत्रं घेतात तेव्हा जुन्या लेथ, मिलिंग मशीन, प्रेस मी उचलतो, दुरुस्त करून घेतो आणि शिरोली, भोसरी, चाकणच्या वर्कशॉपवाल्यांना विकतो. गोडाऊनच्या वर दोन खोल्या आहेत. आम्ही स्वतः गावात दुसरीकडे राहतो, म्हणून त्या भाड्याने देतो. जानेवारीत गावच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षाचा फोन आला. नवा कोच येतोय, डॅनिश आहे, एकटाच आहे, तुझी जागा रिकामी आहे ना?

तो दुसऱ्या दिवशी आला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, पन्नाशी ओलांडलेला. उजवा गुडघा नीट वाकत नव्हता, त्यामुळे जिना खेकड्यासारखा आडवा चढायचा. खोल्या बघून झाल्यावर मी भाडं सांगितलं. सांगताना समोरच्याला खाली ओढायला जागा ठेवली होती, कुणीही ठेवतो. तो खिडकीतून बर्फाखालच्या मैदानाकडे बघत होता. म्हणाला, "गुट." म्हणजे ठीक आहे. आणि सहीसाठी पेन काढलं.

त्या संध्याकाळी मी घरात चिडचिड केली. बायकोला त्याचं हसू आलं. जास्त मिळालं म्हणून चिडणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता. पण भाव न करता घेणारा माणूस विकणाऱ्याला बोलायला काही शिल्लकच ठेवत नाही. फुकट मिळाल्यासारखं वाटतं, आणि फुकटचं मला पचत नाही. पुढच्या महिन्यापासून भाडं मीच कमी केलं. त्यावरही तो म्हणाला, "गुट."

माझे वडील वडगावच्या जनावरांच्या बाजारात हेडी होते. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवणं हा त्यांचा धंदा. तिथे रुमालाखाली बोटं धरून भाव चालतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण खरा सौदा त्यानंतर असतो. गिऱ्हाईक उठतं, कपडे झटकतं, बैलाकडे पाठ करतं आणि चालू लागतं. घाई करायची नाही, मागे बघायचं नाही. विकणारा त्याला थोडा जाऊ देतो. तो गर्दीत दिसेनासा व्हायच्या आत हाक येते, "ओ पाव्हणं, जरा इकडं या की." मग दोघंही आपापल्या आकड्यावरून हलतात आणि चहा येतो. हाक मारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, परत येण्यातही नाही. मात्र उठलेल्या माणसाला हाकच मारली नाही, तर ते वडील घरी येऊन सांगायचे. कुणी कुणाचा अपमान केल्याची बातमी सांगावी, तसं.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, शिरोलीच्या फाउंड्रीत घाम गाळला, तिथून जर्मनीत आलो, एका कारखान्यात काही वर्षं नोकरी केली आणि ती सोडून हा धंदा काढला. धंद्यात मी वडिलांसारखाच वागतो. इटालियन, तुर्की, राजकोटचे व्यापारी, सगळ्यांसमोरून मी उठलेलो आहे आणि सगळ्यांनी मला हाक मारलेली आहे. लिलावात कारखाना विकायला बसलेल्या जर्मन माणसानेसुद्धा पार्किंगपर्यंत मागे येऊन माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलेली आहे.

फुटबॉलचं वेड कोल्हापूरचं. आमच्याकडे तालमीच्या संघाची मॅच म्हणजे पेठेची इज्जत. त्या दिवशी घरातली म्हातारी माणसंसुद्धा रेफरीला नावं ठेवत जेवायची. म्हणून या गावात आल्याबरोबर मी क्लबचा सभासद झालो. मैदानाच्या कुंपणावर माझ्या धंद्याचा फलक लावला. मुलगी मुलींच्या संघात गोलकीपर आहे. जुलैतल्या क्लबच्या जत्रेत भजी तळायचं काम माझ्याकडे. एकदा सभेत मी म्हणालो की मला कार्यकारिणीत, म्हणजे इथल्या भाषेत फोरश्टांडमध्ये, यायचंय. सगळे हसले. चांगल्या मनाने हसले. म्हणाले, मग भजी कोण तळणार? मीही हसलो. ते मी विसरलेलो नाही.

डॅनिश माणूस सकाळी आडवा आडवा जिना उतरून गोडाऊनमध्ये यायचा, लाकडी खोक्यावर बसायचा आणि काळी कॉफी प्यायचा. त्याच्या खिशात खारट काळ्या गोळ्या असत, त्याच्या देशातल्या. माझ्या मुलीने एक तोंडात टाकली आणि धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकली. तेव्हा तो पहिल्यांदा हसलेला पाहिला. त्याची गोष्ट मला अशी कॉफीबरोबर तुकड्यातुकड्याने मिळाली.

त्याचं गाव डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. वडील मासळीच्या लिलावात कामाला. तो लिलाव उलटा चालायचा. भाव वरून सुरू व्हायचा आणि खाली खाली यायचा. जो पहिल्यांदा तोंड उघडेल त्याचा माल. अजून थोडा उतरू दे म्हणून थांबलात, तर दुसरा घेऊन गेला. मी त्याला वडगावचा बाजार सांगितला, रुमाल, उठणं, हाक. त्याने लक्ष देऊन ऐकलं, लांब देशातल्या लग्नाच्या रीती ऐकाव्यात तसं.

"बैलाला वेळ असतो," तो म्हणाला. "माशाला नसतो."

थोड्या वेळाने म्हणाला, "खेळाडूलाही नसतो."

आणि खरोखरच तो आयुष्यभर मासा विकावा तसा स्वतःला विकत आला होता. एकोणिसाव्या वर्षी जर्मनीच्या दुसऱ्या लीगमधल्या क्लबचा माणूस घरी आला. आईने केलेली कॉफी थंड व्हायच्या आत याची सही झाली होती. मग ऑस्ट्रिया. मग तुर्कस्तान. तिथला अध्यक्ष अख्खी दुपार राखून, चहा मागवून भाव करायला बसला होता. याने पहिल्याच आकड्याला हो म्हटलं. अध्यक्ष गोंधळला, आणि पुढे वर्षभर याच्याकडे संशयाने बघत राहिला. एवढ्या स्वस्तात आला म्हणजे आत कुठेतरी मोडलेला असणार. तो हे सांगून हसला. मी हसलो नाही. त्या अध्यक्षाचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं.

एक वर्ष तो जर्मनीच्या वरच्या लीगमध्येही होता, बराचसा बाकावर. मग ग्रीस, मग सायप्रस, आणि तिथे गुडघा गेला. पुढे कोच झाला. स्वीडन, आइसलंड, चीनमधलं एक शहर, ज्याचं नाव त्यालाही नीट घेता येत नव्हतं. मग पुन्हा जर्मनी, दर वेळी एक लीग खाली. आमचा क्लब पाचव्या पायरीवर आहे. इथे गोल झाला की गोल करणाऱ्याची आजी ऐकू येते.

कोच म्हणून त्याला नेहमी मध्येच बोलावणं यायचं. संघ तळाला गेला, आधीच्याला काढला, आता कुणीतरी वाचवा. अशा कोचला इथे आग विझवणारा म्हणतात. आग विझली की बंब परत. काही ठिकाणी त्याने संघ वाचवला, काही ठिकाणी बुडाला, पण उन्हाळा त्याने कुठेच पाहिला नाही. तो मला एकदा म्हणाला, "हिवाळ्यात मिळतो तो दुसऱ्याने केलेला संघ. उन्हाळ्यात खेळाडू आपण निवडायचे, पहिल्या दिवसापासून आपण शिकवायचं, मग जो उभा राहतो तो आपला. माझा असा एकही झाला नाही." फुशारकी नाही, रडगाणंही नाही. एखाद्याने सांगावं की मला मूल नाही, तसं.

मूल त्याला होतं. मुलगा ऑस्ट्रियात आईकडे वाढला आणि बापाशी फोनवर जर्मन बोलायचा. माझी मुलगी समोर बसून माझ्याशी जर्मन बोलते. मी मराठीत विचारतो, तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तो आणि मी या बाबतीत एकमेकांना काही विचारत नसू.

त्याने आमचा संघ वाचवला. कसा, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आरडाओरडा नाही, शिट्टीसुद्धा नाही, नुसत्या टाळ्या वाजवायचा. मैदानावरचे प्लास्टिकचे शंकू सकाळी स्वतः मांडायचा आणि संध्याकाळी स्वतः गोळा करायचा. मार्चपर्यंत रविवारी हरणं गावाच्या अंगवळणी पडलं होतं. एप्रिलमध्ये मॅच बरोबरीत सुटायला लागल्या. मे महिन्यात दोन-तीन जिंकल्या, आणि शेवटच्या मॅचला बरोबरी पुरणार होती, ती झाली. लोक मैदानात धावले, अध्यक्षाने त्याला मिठी मारली. गर्दी बिअरकडे वळली तेव्हा तो एकटा आडव्या चालीने शंकू उचलत होता. मी कुंपणापाशी उभा होतो. मला कधी नव्हे ते वाटलं की या गावात आपलं कुणीतरी जिंकलं.

पुढच्या आठवड्यात तो खोक्यावर येऊन बसला, आणि कॉफी न घेताच बोलायला लागला. क्लबने विचारलं होतं, आणखी एक वर्ष राहशील का? उन्हाळा मिळणार होता. संध्याकाळी फोरश्टांडने त्याला क्लबहाउसवर बोलावलं होतं, सही करायला. त्याचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही.

मी अटी विचारल्या. एक वर्ष, सगळं पूर्वीसारखंच, आणि खेळाडू कोणते ठेवायचे ते फोरश्टांड ठरवणार.

"मग तो तुझा संघ कसा?" मी म्हणालो.

त्याने खांदे उडवले.

त्या क्षणी माझं डोकं फिरलं, ते आजही तितकंच फिरतं. गाव त्याने वाचवलं. लीगमधून खाली गेले असते तर कुंपणावरचे अर्धे फलक उतरले असते. आणि बक्षीस काय, तर पुन्हा एक वर्ष, दुसऱ्याने निवडलेल्या पोरांबरोबर. मी म्हणालो, तू आज पहिल्यांदा भाव करायचास. दोन वर्षं माग, आणि खेळाडू मी निवडणार म्हण. ते नाही म्हणतील. नाही म्हणाले की उठायचं, जॅकेट घ्यायचं आणि दाराकडे चालायला लागायचं. दारापर्यंत जाशील तेवढ्यात हाक येईल.

"आणि नाही आली तर?"

"अध्यक्ष छपराचं काम करतो. कौलं विकणाऱ्यांशी तो कसा भांडतो ते मी बघितलंय. हाक येणार."

आम्ही तालीम केली. प्रेस मशीनसमोर टेबल मांडलं, मी अध्यक्ष झालो. पहिल्यांदा मी नाही म्हणालो तर तो म्हणाला, "गुट." मी टेबलावर हात आपटला. दुसऱ्यांदा उठला, पण गुडघ्यामुळे इतका वेळ लागला की तो उठतोय की कळवळतोय ते समजेना. मी म्हटलं, टेबलाला धरू नको, आधी पाय सरळ कर. तिसऱ्यांदा जॅकेट विसरला. चौथ्यांदा चांगलं जमलं. पाठ ताठ, नजर दाराकडे, पावलं शांत. शटरपर्यंत गेला तेव्हा मी मागून हाक मारली, आणि तो इतका छान वळला की मला वडिलांची आठवण झाली. आम्ही दोघं हसलो.

संध्याकाळी मी त्याला गाडीतून सोडलं आणि टेनिस कोर्टाशेजारी गाडी लावून थांबलो. जूनमधलं ऊन अजून मैदानावर होतं. क्लबहाउसचं दार समोर दिसत होतं. फार वेळ लागला नाही. दार उघडलं, तो बाहेर आला, जॅकेट हातावर. चाल अगदी तालमीतल्यासारखी. मैदानाच्या कडेने आला, गाडीचं दार उघडलं आणि बसला. पुढे बघत राहिला.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, शाडे." वाईट वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. "मग तेही उभे राहिले. सगळ्यांनी हात मिळवले. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या."

"हात कशाला मिळवलास?"

"त्यांनी पुढे केला."

मी त्याला म्हटलं, उतरू नको, येतील. गाडी सुरू केली नाही. आम्ही दाराकडे बघत बसलो. थोड्या वेळाने दार उघडलं आणि खजिनदार बाहेर आला. त्याच्या हातात रिकाम्या बाटल्यांचा क्रेट होता. त्या त्याने काच टाकायच्या डब्यात एकेक करून टाकल्या, आम्हाला बघून हात हलवला आणि आत गेला. नंतर अध्यक्ष निघाला, सायकलवर. गाडीशेजारून जाताना त्याने घंटी वाजवली. सलोख्याची घंटी. कोच माझ्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होता. आता काय करायचं, ते मी सांगेन म्हणून.

सकाळी मी अध्यक्षाच्या यार्डात गेलो. तो ट्रेलरवर कौलं चढवत होता. मी आवाज चढवूनच सुरुवात केली. त्याने कौलं खाली ठेवली, हातमोजे काढले आणि माझं संपेपर्यंत ऐकलं. ही त्यांची सवय मला जास्त चिडवते. मध्ये कुणी बोललं तर भांडण तरी होतं.

"आम्हाला तो हवा होता," तो म्हणाला. "आम्ही विचारलं. त्याने दुसरं काही मागितलं, ते आमच्याकडे नव्हतं. मग तो उठला."

"उठला म्हणूनच हाक मारायची असते."

"कुणी?"

"बसलेल्यांनी."

त्याने खरोखर विचार केला. म्हणाला, "एवढा मोठा माणूस, जगभर काम केलेला. त्याने विचार करून ठरवलं असणार. मी दारात आडवा गेलो असतो, तर त्याचा मान काय राहिला असता?"

मी म्हणालो, मान मी बघतो, तू आत्ता हाक मार. फोन काढ आणि बोलाव. तो म्हणाला, आता उशीर झाला. काल संध्याकाळीच त्यांनी शेजारच्या गावातल्या शाळेच्या खेळाच्या शिक्षकाला विचारलं होतं. त्याने लगेच हो म्हटलं.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बरंच मराठीत बोललो. तो ट्रेलरला टेकून उभा होता. मी निघालो तेव्हा मागून त्याचा आवाज आला. मी थांबलो. त्याने विचारलं, "जुलैत तू भजी करणार आहेस ना?" त्याच्या मनात काही कुचकं नव्हतं. जत्रा जवळ आली होती, त्याला आखणी करायची होती.

मी तिथून मैदानावर गेलो आणि कुंपणावरचा माझा फलक कटरने कापून काढला. शाळेला सुट्टी होती; शिक्षकमहाशय आत्तापासूनच शंकू मांडत होते. त्यांनी मला गुड मॉर्निंग केलं.

पेपरात दोन ओळी आल्या. क्लब आणि कोच परस्पर संमतीने वेगळे झाले, क्लब त्यांचा ऋणी आहे. परस्पर संमती. बाजारात इतकं स्वच्छ खोटं बोलणारा हेडी मी पाहिला नाही, आणि तरी त्यातला कुठलाही शब्द खोटा ठरवता येत नव्हता.

घरी जेवताना मी पुन्हा सुरू झालो. ही माणसं कोरडी, यांच्यात कुणाला कुणाचं काही नाही, माणूस उठून गेला तरी यांचा घास अडत नाही. मुलगी तिच्या ताटात बघत जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, इथे कुणी उठला म्हणजे तो जातो. सगळ्यांना माहीत असतं." मी तिला मराठीत गप्प बस म्हणालो.  बायकोने पोळीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला तरी कुणी हाक मारली होती का?"

ती कशाबद्दल बोलत होती ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. नोकरी मी सोडली असं मी सगळ्यांना सांगतो, वर सांगितलं तसंच. घडलं ते असं. मी तिथे सगळ्यात जुनी मशीन चालती ठेवणारा माणूस होतो, आणि गटप्रमुखाची जागा माझ्यानंतर आलेल्या पोराला दिली. मी विभागप्रमुखाच्या खोलीत गेलो, बोललो, त्याने नाही म्हटलं. मी उठलो. कॉरिडॉरमधून शांत पावलांनी चाललो, मागे न बघता. लिफ्टपाशी थांबलो. लिफ्ट आली, मी ती जाऊ दिली. पुन्हा आली. मग मी आत गेलो आणि दार मिटलं. त्या आठवड्यात टपालाने मला अत्यंत सभ्य भाषेत निरोप मिळाला. मुलगी तेव्हा बायकोच्या पोटात होती.

पण त्यातूनच मी हे सगळं उभं केलं. त्या विभागप्रमुखाच्या कारखान्यातली जुनी मशीनसुद्धा पुढे मीच विकत घेतली, आणि भाव पाडूनच. म्हणून मी उठलो ते बरोबरच होतं, असं मी धरून चालतो. मी पोळीचा डबा बायकोकडे परत सरकवला. ती ताटं उचलायला लागली.

उन्हाळाभर मी त्याला विकायचा प्रयत्न केला. दुसरा शब्द नाही. ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन केले. हेर्त्सोगेनआउराखला खेळाच्या कपड्यांच्या कंपनीत काम करणारा आपला एक इंजिनियर आहे. त्याला म्हटलं, तुमच्याकडे क्लबवाले येत असतील, बघ. कायझर्सलाउटर्नला शिकणारी पुण्याची मुलं विद्यापीठाच्या संघातून खेळतात, त्यांनाही विचारलं. सगळे आदराने बोलले. वय विचारायचे, गुडघ्याचं विचारायचे, आणि मग, शेवटच्या ठिकाणी दुसरं वर्ष का दिलं नाही? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला लागलो की समोरचा घड्याळ बघतोय असं फोनवरसुद्धा कळायचं. पंधरा मिनिटं उठण्या-बसण्याची गोष्ट ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

कोल्हापूरला चुलतभावाशी बोललो तर तो म्हणाला, पाठव की इकडं, आपल्या तालमीच्या पोरांना शिकवू दे, राहायला माडी आहे, तांबडा-पांढरा रोज. तो गंमत करत होता. मीही ती गंमत म्हणून खोक्यावर बसलेल्या त्या माणसाला सांगितली.

तो म्हणाला, "गुट. कधी?"

मला लेथवरची धूळ पुसायला वळावं लागलं.

ऑगस्टमध्ये वरच्या खिडकीतून सरावाच्या टाळ्या ऐकू यायच्या. नवा कोच त्याच्याचसारख्या टाळ्या वाजवायचा; पोरांनी सांगितलं असणार. डॅनिश माणूस खिडकी लावून घ्यायचा नाही. मी एकदा वर गेलो तर तो ओट्यापाशी उभा होता आणि खाली मैदानात कोण कुठे चुकतंय ते पुटपुटत होता. त्याचा संघ त्याला मिळाला होता, फक्त खिडकीतून. मी विचारलं, माझ्यावर रागावलायस का? त्याने मैदानावरची नजर माझ्याकडे वळवली. म्हणाला, "तू मला शिकवलंस ते मी बरोबर केलं ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर केलंस. तो म्हणाला, "मग ठीक."

सप्टेंबरमध्ये त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या गावच्या बंदरात मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे फोर्कलिफ्ट चालवायला माणूस हवा होता. पण गुडघ्याचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, फोर्कलिफ्टला गुडघा लागत नाही. अर्थात त्याने फोनवरच हो म्हटलं होतं.

जर्मनीत घर सोडताना भिंती पांढऱ्या करून देतात. मी म्हटलं, राहू दे, मी करून घेईन. तरी त्याने दोन दिवस खपून दोन्ही खोल्या रंगवल्या, छतसुद्धा, शिडीवर आडवा चढून. मुलीला त्याने त्या काळ्या गोळ्यांचं पाकीट दिलं. तिने एक तोंडात टाकली आणि तो दिसेनासा होईपर्यंत थुंकली नाही.

त्याचं सामान म्हणजे दोन बॅगा, आणि त्याही कधी पूर्ण उघडलेल्या नव्हत्या. हात मिळवून झाला. तो आपल्या गाडीकडे चालू लागला. पाठ ताठ, जॅकेट हातावर, नजर पुढे. माझ्याच गोडाऊनमध्ये शिकलेली चाल. तो गाडीत बसला, इंजिन सुरू झालं, आणि मी हाक मारली. जोरात मारली, रस्त्यापलीकडच्या बाईने वळून पाहिलं.

तो थांबला. काच खाली केली आणि माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याने घाई केली नाही. मी बोलेन म्हणून तो वाट बघत होता. आणि माझ्याकडे समोर ठेवायला काहीही नव्हतं. दोन खोल्या होत्या, त्या त्याने नुकत्याच रंगवून माझ्या ताब्यात दिल्या होत्या. संघ माझा नव्हता, मैदान माझं नव्हतं, या गावात माझा शब्द भज्यांपलीकडे चालत नव्हता.

"हायवेवर काम चालू आहे," मी म्हणालो. "गावातून जा."

"गुट," तो म्हणाला, आणि काच वर केली.